सड्यावरचं पाईन

एसटीत चौतीस वर्षं कंडक्टरकी केली मी. माणूस गाडीत कसा चढतो त्यावरून सांगायचो, हा तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार. त्यामुळे आमच्या मनूच्या झाडांवर कोणीतरी उठलंय हे ध्यानात आलं तेव्हा 'रावजी, तुला उगाच वाटतंय' असं म्हणून मी स्वतःची समजूत काढत बसलो नाही. मला उगाच काही वाटत नसतं.

मनू म्हणजे मनस्वी, आमची एकुलती एक लेक. तिकडे देहरादूनला झाडांचं शिकते. दोन वर्षांपूर्वी मिरगाच्या आधी घरी आली ती सहा रोपं घेऊन. हिमालयातलं पाईन. तिकडे त्याला चीड म्हणतात. घरामागे वर सड्यावर आमची अर्धा एकर जागा आहे, सगळा लाल कातळ, कुळथाशिवाय त्यात काही झालं नाही कधी. मला वाटलं होतं, पोर परसातली चांगली माती मागणार. तर ही सड्यावर हातोडी घेऊन कातळ ठोकत फिरली आणि जिथे भेगा होत्या तिथेच सहा खड्डे मारून घेतलेन.

"बाबा, ह्याला चोचले चालत नाहीत," ती म्हणाली. "हलकी जमीन, डोक्यावर ऊन आणि पायाखाली पाण्याचा निचरा. सावलीत मरतं, पाणी साचलं तरी मरतं. खत घालायचं नाही, शेण नाही, फवारणी तर अजिबात नाही." प्रत्येक खड्ड्यात तिने तिकडून आणलेली ओंजळभर माती टाकली. त्या मातीत म्हणे एक बुरशी असते, ती चिडाच्या मुळांना धरून राहते आणि त्यांना जमिनीतलं खाणं मिळवून देते. ती नसेल तर रोप नुसतं पिवळं पडत जातं. आम्ही जन्मभर बुरशी दिसली की मोरचूद-चुना घेऊन धावणारी माणसं. ही बुरशीच पेरत होती.

"पहिली काही वर्षं वर वाढणार नाही ते, खाली मुळं सोडत बसेल. घाबरू नका. दर रविवारी मोजा, फोटो काढा आणि वहीत लिहा."

"आणि मेली तर?"

"मेली तरी चालेल," ती म्हणाली. "इथली हवा त्यांची नाहीच. पण बाबा, का मेली ते मला नक्की कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर माझी दोन वर्षं फुकट." म्हणजे झाडं नाही, खरं तर कारण सांभाळायचं होतं मला. आणि माझ्याइतकी नोंद कोण ठेवणार?

दोन पावसाळे सगळी सहा जगली. वीतवीतभर लांब सुया, एका जागी तीन. मोजून बघितल्या मी, दोन नाहीत, चार नाहीत, तीनच. वाडीतले येऊन बघायचे आणि म्हणायचे, "रावजी, हा तर सुरू हाय. दर्यावर ढीगभर हायत." मी चिडून सांगायचो, सुरू नाही, पाईन आहे. ते मान डोलवायचे आणि जाताना म्हणायचे, "सुरू बरा वाढलाय हां."

ह्यात एक विठू तेवढा नीट ऐकायचा. विठू आमचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. सड्याच्या पायथ्याशी त्याचं घर आणि त्याची विहीर. एप्रिलात आमच्या वाडीच्या सगळ्या विहिरी तळ दाखवतात तेव्हा त्याच्या विहिरीला पुरुषभर पाणी असतं. मनूच्या झाडांसाठी मी कुंपण घातलं तेव्हा त्याच्या गुरांची सड्यावर जायची वाट बंद झाली. तो म्हणाला, "रावज्या, गुरं आता मैलभर वळसा घालून न्यायला लागतात." मी म्हटलं, तीन वर्षांचा प्रश्न आहे. तो पुढे काही बोलला नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याची वाट बंद झाली तो माणूस काही बोलत नाही, ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

मी तेव्हा काही घेतला नाही. चूक झाली असं मला पुढे वाटलं.

दिवाळीनंतर पहिलं झाड बिघडलं. सुया टोकाकडून तांबूस होत खाली आल्या. मनूला फोटो पाठवला, ती म्हणाली थंडीचा वारा लागला असेल, लक्ष ठेवा. संक्रांतीला ते मेलं. दुसऱ्याच्या सुयांची टोकं तांबडी व्हायला लागली. गुरुवारी सकाळी मी खाली वाकून बघितलं तर बुंध्याभोवती पांढरं काहीतरी, दवाने ओलं झालेलं. बोटाला घेऊन जिभेला लावलं.

मीठ. खडे मीठ.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. कोणीतरी मिठाने झाडं मारतंय! चिमूटभर मीठ मी कागदात गुंडाळलं, वर तारीख लिहिली आणि कपाटात माझ्या जुन्या बिल्ल्याशेजारी ठेवून दिलं. बाकीचं खरवडून फेकलं. आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. तिकीट तपासणारे साहेब येतात ते भोंगा वाजवत येतात काय? मनूला सांगितलं तर ती आईला फोन करणार. आणि आमच्या हौसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पाणवठ्यावर जाऊन सगळं बोलून मोकळी होणार. मग चोर सावध. मी ठरवलं, माणूस हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

सगळं जुळवून बघितलं. पुढच्या आठवड्यात रोज वाकून बघितलं, मीठ पुन्हा गुरुवारीच दिसलं. म्हणजे पडतं बुधवारी. दर बुधवारी मी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला जातो, बँकेत पासबुक भरतो, डेपोत जुन्या मंडळींशी चार गप्पा मारतो, येताना मिरकरवाड्यावरून मासळी घेतो आणि दुपारी तीनला घरी. म्हणजे हा जो कोण आहे त्याला माझं वेळापत्रक ठाऊक आहे. वाडीत ते कोणाला ठाऊक आहे? सगळ्यांनाच. पण वाट कोणाची अडली होती?

कुंपणाच्या फाटकाला मी कुलूप घातलं. विठूच्या अंगणाकडे उघडणारं फाटक ते. परसाकडची वाट आपलीच, तिला कशाला कुलूप? पुढच्या गुरुवारी बघतो तर पुन्हा मीठ! कुलूप जसंच्या तसं. म्हणजे गडी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून चढून येतो. साठी उलटलेला माणूस, चांगला छातीएवढा गडगा, पण द्वेषाला वय नसतं. गडग्यावरचे दोन चिरे मला हललेले दिसले. पूर्वी हललेले होते की नव्हते हे आठवेना, पण तेव्हा मला तो पुरावा वाटला.

मग मी पाळत ठेवायला लागलो. दुपारी जेवण झालं की काजूच्या झाडामागे छत्री घेऊन बसायचं. हौसा तिथे चहा आणून द्यायची. "अवो, उन्हात काय बसलायत मेल्या कोंबडीसारखे?" मी म्हणायचो, वारा खातोय. ती तोंड वाकडं करून जायची. पाचव्या का सहाव्या दिवशी विठू आला. गडग्याला हात टेकून उभा राहिला आणि मनूच्या झाडांकडे बघत राहिला, चांगली पाच मिनिटं. तिसऱ्या झाडाच्या बुंध्याकडे त्याने वाकून बघितलं, मान हलवली आणि निघून गेला. केलेल्या कामाचा हिशेब बघायला आलेला माणूस असाच बघतो. माझं अंग नुसतं पेटलं.

"विठूभावजी आलेवते काय हो?" हौसाने विचारलं.

"तुला कशाला पायजे?"

"काय बोलायला आले असतील तर..."

"तू मधे पडू नको," मी खेकसलो. ती गप्प झाली. माझा आवाज चढला की ती गप्प होते, चाळीस वर्षांची सवय.

माघ संपेपर्यंत चार झाडं गेली. पाचवं अर्धं तांबडं. मनू फोनवर रडकुंडीला आली होती. "बाबा, माती तपासायला पाठवा. काहीतरी वेगळं आहे हे. थंडी नाही, वारा नाही." मी म्हटलं, "तू काळजी करू नको, कारण मी शोधून काढतो." मला आतून आनंद झाला होता असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण झाला होता. कारण माझ्याकडे होतं.

शिमग्याच्या आधी देवळात बैठक असते. पालखीचा मान, खांदा कोणाचा, कोणाच्या अंगणात कधी जायची, सगळं त्या दिवशी ठरतं. वाघजाईच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा तीस वर्षं विठूचा. त्याच्याआधी त्याच्या बापाचा. धाकूआबा, आमच्या वाडीतले सगळ्यात वडीलधारे, नावं वाचायला लागले. विठूचं नाव आलं आणि मी उभा राहिलो.

"त्याच्या खांद्याला माझी हरकत हाय," मी म्हणालो. "माझ्या लेकीच्या झाडांना विष घातलंय. ज्याने घातलंय त्याने देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगावं."

आबांनी विचारलं, "कसलं विष?"

"काय घातलं ते घालणाऱ्याला ठाऊक." मीठ म्हणून सांगायचं नाही असं मी ठरवून आलो होतो. त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे. शब्द त्याच्या तोंडून आला की सापडला.

विठू उठला. त्याचा चेहरा मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. आधी नवल दिसलं. मग त्याने बायका बसल्या होत्या तिकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बस्स! नजर चुकवली. हा काहीतरी लपवतोय, हे मी तेव्हा देवीच्या साक्षीने छातीठोक सांगितलं असतं.

तो पुढे गेला, पायरीवर हात ठेवला. "रावजीच्या झाडांना मी हात लावलेला नाय."

"मग कोणी लावलान? तुला ठाऊक हाय?" आबांनी विचारलं.

विठू गप्प. बराच वेळ गप्प. "मी लावलेला नाय, एवढंच बोलतो," तो म्हणाला. मग तो आबांकडे वळला. "यंदा खांदा दुसऱ्या कोणाला द्या. मनात किंतू ठेवून देवीला उचलू नये." आणि चपला शोधून घालून निघून गेला.

त्याच्या त्या गप्प बसण्याने काम केलं. आल्या वेळी जी माणसं 'विठू असा नाय' म्हणत होती ती परत जाताना म्हणत होती, 'पण बोलला का नाय मग?' घरी हौसा म्हणाली, "विठूभावजी असं करायचे नायत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नायच करायचे," ती पुन्हा म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आता मला त्याला रंगेहाथ धरायचं होतं. शपथ घेऊन खोटं बोललेला माणूस पुन्हा येणार, मला खात्री होती. पुढच्या बुधवारी नेहमीसारखी पिशवी घेतली, सगळ्यांना दिसेल असा गाडीत चढलो, पुढच्याच थांब्याला उतरलो आणि करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत मागच्या बाजूने सड्यावर आलो. पाचवं झाड तोवर मेलंच होतं. सहाव्याच्या, शेवटच्याच्या, बुंध्याशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ माझ्याकडे.

हौसा.

शेजारी टोपली, टोपलीत खडे मीठ. मूठमूठ घेऊन बुंध्याभोवती गोल घालत होती आणि झाडाशी बोलत होती. "तू तरी जग रे बाबा. माझ्या पोरीचं तोंड बघवत नाय."

मी काय ओरडलो ते मला आता धड आठवत नाही. पण आवाज खालच्या शेतापर्यंत गेला असणार. अडाणी म्हणालो. लेकीची वैरीण म्हणालो. टोपली लाथाडली. ती उभी राहिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ओरडताय कशाला एवढे? मीठच हाय. माडाला नाय घालत आपण, नारळ धरायला? पहिल्याच्या सुया सुकायला लागल्या तेव्हापास्नं एकेकाला घालत्ये."

"हा माड हाय काय? माड?"

"माड नाय, सुरू. सुरू नाय का खाऱ्या वाळूत वाढत? पोरीने खत नको बोललीन, शेण नको बोललीन. मीठ नको असं कुठं बोललीन? त्या दिवशी देवळात तुम्ही विष बोललात, म्हणून विषावर उतारा पडावा म्हणून मी जास्तीच घातलं."

"मग मला का नाय विचारलंस?"

"तुम्ही असलात की मला काय करायला देता? ह्याला हात लावू नको, त्याला हात लावू नको. म्हणून बुधवारी घालत्ये." मग तिला काहीतरी जाणवलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे तुम्हाला मीठच सापडलंवतं? विष नाय?"

"मीठच. संक्रांतीपास्नं," मी खाली बघत म्हणालो.

"संक्रांतीपास्नं ठाऊक होतं तुम्हाला? आणि घरात मला एका शब्दानं बोलला नाय?" ती मटकन खाली बसली. "अगो बाय माझे. विठूभावजींना शपथ घ्यायला लावलंत तुम्ही."

मनूला फोन केला. सगळं सांगितलं, कागदातल्या पुडीसकट. "बाबा, चिडाला मीठ म्हणजे विषच," ती म्हणाली. "पण तुम्ही संक्रांतीला सांगितलं असतंत तर पाच वाचली असती. आईला एक वाक्य बोलला असतात तरी वाचली असती." मग तिने डोळे पुसले असणार, आवाज बदलला. "शेवटचं हिरवं आहे ना अजून? वरचं मीठ काढून टाका आणि गोडं पाणी द्या. भरपूर. पण सावकाश, थांबून थांबून, दोन-तीन दिवस. तिथे भेगा आहेत, मीठ खाली वाहून जाईल. आजच्या आज सुरू करा."

गोडं पाणी, भरपूर, फाल्गुनात, सड्यावर. आमची विहीर घागर बुडेल न बुडेल इतकी आटलेली. पाणी एकाच ठिकाणी होतं.

ती उतरण मी लहानपणापासून हजारदा उतरलो असेन. त्या दिवशी पाय उचलत नव्हता. लाज वाटत होती, दुसरं काय. विठू अंगणात काथ्या वळत बसला होता. मला बघून उठला नाही, जा म्हणालाही नाही.

"पाणी पायजे," मी म्हणालो. "शेवटच्या झाडाला. मीठ पडलंय त्याच्यात."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय म्हणजे?"

"वहिनींना बघितलंवतं मी घालताना. दोनदा." त्याने काथ्या खाली ठेवला. "तुला सांगावं म्हणून गडग्यापर्यंत आलोवतो एक दिवस. तू काजीमागे छत्री घेऊन बसलावतास, चोरासारखा. तुझं तोंड बघितलं आणि परत फिरलो. वाटलं दोन दिवसांनी बोलू, जरा थंड झालास की. तर तू देवळातच उभा राहिलास."

"मग देवळात का नाय बोललास?"

"सगळ्यांसमोर वहिनींचं नाव घेऊ?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ह्या माणसाने बापापासून चालत आलेला खांदा सोडला, सगळ्या वाडीच्या डोळ्यांतून उतरला, का तर चार माणसांत माझ्या बायकोची शोभा होऊ नये म्हणून. आणि मी त्याचा चेहरा वाचत होतो! बरोबरही वाचला होता, लपवत होताच तो. पण मेलं वाचता येणं म्हणजे समजणं नव्हे, हे मला चौतीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

विठूने पंपाचं बटण दाबलं. दोघांनी मिळून पाइपला पाइप जोडत वर नेला. तीन दिवस आम्ही आळीपाळीने पाणी धरलं, तासभर द्यायचं, थांबायचं, पुन्हा द्यायचं. तो कामापुरतं बोलायचा. त्याने काय बघितलं आणि तो का गप्प बसला ते मी हौसाला सांगितलं होतं; ती चहा घेऊन आली की तो खाली बघत घ्यायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "उद्या पालखी सजवायला सगळे जमतील. मी सांगतो."

"काय सांगशील? वहिनींनी घातलं? मग मी गप्प कशाला बसलो?"

"नाय. मी घातलं म्हणून सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पाइप पुढच्या भेगेवर धरला.

दुसऱ्या दिवशी देवळात मी उभा राहिलो. "विठूवर मी आळ घेतला तो खोटा," मी म्हणालो. "विष वगैरे काय नव्हतं. मीठ होतं. ते मीच घातलं, माडाला घालतात तसं, आणि विसरलो. माझं चुकलं. खांदा विठूचा हाय."

"खोटं बोलतायत," मागून आवाज आला. हौसा उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. देवळात आजवर ती कधी बोलली नव्हती. "मीठ मी घातलं. पाच झाडं माझ्या हातून मेली. ह्यांना ठाऊक नव्हतं. विठूभावजींनी मला बघितलंवतं, पण ते माझ्यासाठी गप्प ऱ्हायले. देवीसमोर आणखी खोटं नको."

मला वाटलं, आता वाडी तिला फाडून खाणार. माझ्या मुठी आवळल्या होत्या. पण आधी बायकांतून कोणीतरी फिसकन हसलं. मग वाडीतली गंगुबाई म्हणाली, "अगो, मीठच ना? मी पण तेच केलं असतं. सुरूच तर दिसतो तो." मग कोणी म्हणालं, आमच्या म्हाताऱ्याने पेरूला घातलंवतं, तो पण गेला. सगळं देऊळ हसायला लागलं. हौसा पण रडता रडता हसली. कोणालाही राग आला नव्हता. येणार कसा? त्या देवळातल्या प्रत्येक माणसाने मिठाची मूठ घेऊन झाडापाशी जायचं हे लहानपणापासून बघितलं होतं.

धाकूआबांनी डोळे पुसले. "अरे विठू," ते म्हणाले, "मग एवढ्यासाठी कशाला गप्प बसलास? खांदा सोडलास, बोल लावून घेतलास. गाव काय वहिनीला खाणार होतं काय?"

हसणं अजून चाललं होतं. विठूने मान वर केली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हौसाकडेही बघितलं नाही, आबांकडेच बघितलं.

"गावाची कोणाला भीती होती, आबा?" तो म्हणाला. "वहिनींना घरी जायचं होतं ना परत."

हसणं थांबलं. मी हौसाकडे बघितलं, ती 'भलतंच काय बोलता भावजी' म्हणेल म्हणून. तिने नुसता पदर सारखा केला आणि खाली बसली. तिच्या शेजारच्या बायकांनी तिला जागा करून दिली.